अस्तंगत बुध

मित्रहो, आज सकाळी ऐरोलीच्या आमच्या सोसायटीतील स्नेहा तिच्या बाळाची पत्रिका घेऊन आली. पत्रिका पाहणारी माझी पत्नी गतवर्षी निवर्तली, हे ठाऊक असूनही.

“काका, रवी-बुध एकत्र आहेत, पण बुद्धीचा ग्रह बुध अस्तंगत आहे म्हणे. जाम टेन्शन आलंय. पोरगी मंद निघेल का हो?”

मला ज्योतिष येत नाही. पत्नीचे बोलणे मात्र कानावर पडत असे. म्हणालो, “अस्तंगत म्हणजे नाहीसा नव्हे. तो सूर्याच्या इतका जवळ असतो की आपल्याला दिसत नाही, एवढेच.”

“म्हणजे आहे ना तो?”

“आहे,” मी म्हणालो, आणि त्या शब्दाने मलाच धीर आला.

“अगदी काकूंसारखं बोललात!” ती हसली.

दुसऱ्याची समजूत घालताना आपणही कधी असे सावरला आहात का?