वाइंडिंगबाईंचे दोनशे वेढे

वाइंडिंगबाई तार गुंडाळत असल्या की चंद्रपूरच्या त्या वर्कशॉपात त्यांना कुणी हाकही मारत नसे. एका हाताने हँडल फिरवत त्या ओठांतल्या ओठांत गोंडीत मोजायच्या: उंदी, रंड, मूंद, नालुंग. दहा झाले की पायाचं एक बोट जमिनीला टेकवायचं आणि पुन्हा उंदी. पायांची बोटं दोनदा फिरून झाली की दोनशे वेढ्यांची गुंडाळी तयार. मध्येच कुणी बोललं तर त्या शिवी देत नसत. बोलणाऱ्याकडे बघत बघत सगळी तार उलगडत. शिवी परवडली असती.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी तिथे इंटर्नशिपला होतो. नाल्याच्या पाण्यावर वीज तयार करणारं एक छोटं यंत्र ते वर्कशॉप बनवत असे. पावसाळ्यात ते झकास चालायचं. हिवाळ्यात पाणी मंदावलं की दिवा नुसता लालसर दिसायचा. चाकाच्या कमी फेऱ्यांतही पुरेसा उजेड पडेल अशा सुधारणा करून नमुने बनवायचे, हे माझं काम. मी कागदावर ठरवायचो: तार बारीक, वेढे जास्त, चुंबकं जवळ. बाई ते हातांनी करून बघायच्या आणि बहुतेक वेळा मलाच परत पाठवायच्या.

"बाबू, कागदावर तार तुटत नाई. इथी तुटते."

त्या एटापल्लीकडच्या एका टोल्यातल्या, म्हणजे जंगलातल्या पाड्यातल्या. जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात झाडू मारायला लागल्या आणि बघून बघून वाइंडिंग शिकल्या. काम करताना मुक्या, पण जेवायला बसल्या की तोंड थांबत नसे. माझ्या डब्यातली मेसची पोळी उजेडात धरून म्हणायच्या, "हे पाह्य, आरपार दिसते. याच्यावर तू इंजिनेर होऊन राह्यला?" आणि आपला भात, अंबाडीची भाजी माझ्याकडे सरकवायच्या. घाई त्यांना खपत नसे. "घाईची गुंडाळी अन् कच्चा भात, पोटात गेल्यावरच कळते."

तिसरा नमुना जमत आला. तो बाईंच्याच टोल्याजवळच्या नाल्यावर चालवून दाखवायचा होता. चालला तर पुढच्या सगळ्या यंत्रांचं वाइंडिंग त्यांनाच मिळेल, असं वर्कशॉपच्या साहेबांनी कबूल केलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी शेवटची गुंडाळी भरत असताना फाटकावर त्यांचा भाऊ आला. आई आजारी होती. बाई उठल्या, आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच त्यांनी मोजणी दुसऱ्याच्या हवाली केली. "एकशे बारा झाले. ध्यानात ठेव, बाबू."

मी ठेवलं नाही. मी माझ्या अहवालात गुंतलो होतो. त्या डोळे पुसत परत आल्या आणि म्हणाल्या, "किती होते?" मला आठवेना. आठवत नाही म्हटलं असतं तर त्यांनी तार उलगडली असती, तासभर गेला असता, बास. मी म्हटलं, "एकशे बेचाळीस." आईच्या काळजीत त्यांनी मान हलवली आणि तिथून पुढे मोजायला लागल्या.

तीस वेढे कमी पडले, हे मला खरा आकडा आठवल्यावर, फार उशिरा कळलं. अशा यंत्रात सगळ्या गुंडाळ्या सारख्या लागतात. एक कमी निघाली की बाकीच्या तिच्यातच वीज घुसवतात आणि ती तापते. नाल्यावर अख्खा टोला जमला होता. दिवा लागला, लोक ओरडले, आणि थोड्याच वेळात तारेवरच्या जळक्या वार्निशचा वास आला. तारा वितळून एकजीव झाल्या, मोजून बघायचीही सोय उरली नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तरी मला वाटत होतं, काम नागपूरला द्यावं. या बाईला मोजता येत नाही." बाईंच्या माणसांसमोर म्हणाले. मी हातभर अंतरावर उभा होतो. माझ्या प्रमाणपत्रावर अजून साहेबांची सही व्हायची होती.

काम नागपूरला गेलं. मला प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

आता मी चंद्रपुरातच तंत्रनिकेतनात शिकवतो. यंदा माझ्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पाला नाल्यावरचंच यंत्र घेतलं. मुलचेऱ्याला एक बाई फर्मास गुंडाळ्या भरते असं कळलं, म्हणून गेलो. दुकानात त्याच होत्या. केस पांढरे झालेले. फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होत्या आणि हात हँडल फिरवत होता. मशीनला आकडे दाखवणारं काउंटर लावलेलं होतं. त्यांनी मला लगेच ओळखलं, बसायला स्टूल दिलं.

मी विचारलं, "बाई, आता मोजत नाही?"

"हे मोजते न्. त्या नाल्यावरच्या दिवसापासून माह्या डोक्यावर माहा भरोसा नाई राह्यला, बाबू."

मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. हँडल थांबलं.

"म्हंजे मी चुकली नव्हती?"

"नाही."

"एकही वेढा नाई?"

"एकही नाही, बाई."

"वीस वर्सं भात रांधतानाही मी तेच मोजून राह्यली रे. कुठी चुकली, कुठी चुकली." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मले राग आला हाये. च्या पेऊन जा, पण राग हाये." मी माफी मागायला लागलो तर उसळल्या, "माफीले काय करू? मोटारीत भरू?"

चहा पिऊन झाल्यावर मी भीत भीत विचारलं, मुलांना वाइंडिंग शिकवायला याल का. त्यांनी कप विसळला. "येईन. पण पयले त्या पोराइले हे सांगजो. माह्यासमोर."

गेल्या महिन्यात तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपात मुलामुलींसमोर मी सांगितलं. फार अडखळलो. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग त्या बाईंनी काम सोडलं का?"

दारात उभ्या राहून सगळं ऐकत असलेल्या बाई आत आल्या, तिच्याच शेजारी जाऊन बसल्या.

"काऊन सोडू?" त्या म्हणाल्या. "तार आन."