बियाचा टमाटा

मी शिकलो तो रुक्माआत्यामुळं. आमच्या घरातल्या या पहिल्या पदवीधराला दहावीपर्यंत तिनंच सांभाळलं.

आज बजाजनगरच्या माझ्या खोलीच्या गॅलरीत टमाट्याच्या झाडाला काठी बांधताना बोटांना तो हिरवा, उग्र वास लागला आणि जीव थाऱ्यावर राहिना.

कॉलेजसाठी गाव सोडलं त्या सकाळी आत्यानं मला परसात ओढत नेलं. पहिला पिकलेला टमाटा ती बियासाठी राखायची. त्याला कुणी हात लावायचा नाही. तोच तिनं तोडून माझ्या हातात दिला. चपटा, खाचाखाचांचा, उन्हानं कोमट.

“खा. बी मात्र गिळू नको, माझ्या हातावर थुंक.”

“आत्या, लोक बघायलेत. बस जाईल.”

“जाऊ दे. साहेब झाल्यावर थोडाच थुंकणार हाईस!”

आंबटगोड रस हनुवटीवरून नव्या शर्टावर ओघळला. तिनं बिया राखेत मळून वाळायला भिंतीला थापल्या. मला मात्र फक्त बसचा हॉर्न ऐकू येत होता. राखलेलं फळ तिनं मला दिलं, त्याचं मोल आता कळतं.

यंदा रोगानं तिची सगळी झाडं गेली, बीही उरलं नाही. तिनंच पूर्वी दिलेल्या बियांतलं एक झाड माझ्या कुंडीत आहे आणि त्याला एकच फळ आहे. वाळूजच्या कारखान्यातून ड्यूटी करून आलो की आधी तेच बघतो. पाखरांची धास्ती, वाऱ्याची धास्ती.

आत्याला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून काल पत्र टाकलं:

“आत्या, तुझं बी गेलेलं नाही. एक टमाटा लाल झालाय. रविवारी घेऊन येतो. चव तीच आहे का, ते तूच सांग. मला खायचा धीर होत नाही.”