कुरडयांचा रस्ता

बॅरिकेडला मिठी मारून मी उभी होते आणि समोर बोरस्ते काका गाडीचा हॉर्न वाजवत होते.

"मॅडम, बाजूला व्हा. माझी गाडी माझ्या दारात जाणार."

"काका, फक्त या आठवड्याची ट्रायल आहे हो."

"ट्रायल तुमच्या गाडीवर घ्या!"

माझ्याकडे स्कूटर आहे, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

मी टाउन प्लॅनर आहे. म्हणजे रस्ता, झाड, गटार आणि माणूस यांची भांडणं कागदावर मिटवते. प्रत्यक्षात ती चालूच राहतात. पाथर्डी फाट्याजवळच्या या जुन्या कॉलनीला 'ग्रीन नेबरहुड' करायचं काम आमच्या ऑफिसकडे होतं. पहिला टप्पा झाला होता, सगळ्या गच्च्यांवर सोलर पॅनल. दुसऱ्या टप्प्यात मधल्या रस्त्याचं डांबर काढून पाणी जमिनीत जिरू देणारे ब्लॉक बसवायचे, दोन्ही बाजूंना झाडं लावायची आणि गाड्या गेटजवळच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवायच्या. याला आम्ही 'कार-फ्री स्ट्रीट' म्हणतो. कॉलनीवाले 'फालतूपणा' म्हणत होते.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. तिथं नकार आला की काम गेलं. "मग तू एनओसीच्या फायली बघ," असं सरांनी बजावलं होतं. एनओसीचं टेबल आमच्याकडे बाथरूमच्या दाराला लागून आहे.

आणि सोसायटीचे चेअरमन होते बोरस्ते काका. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. आता सगळा जीव त्या पांढऱ्या एसयूव्हीत.

ट्रायलचे पहिले दिवस मी विसरायचा प्रयत्न करते. बॅरिकेडवर कुणीतरी ओली चादर वाळत घातली. 'फक्त पायी' या बोर्डावर ट्यूशनची जाहिरात चिकटली. मी रस्त्यात कुंड्या मांडल्या, तर त्यांच्यामधून न धडकता गाडी काढायची शर्यत सुरू झाली. काका त्यात पहिले.

गुरुवारी काकांच्या मिसेस आल्या. काकू मूळच्या निफाडकडच्या. हातात एक ताट, ताटात कसलातरी आंबूस गोळा.

"वळखा काय हाय ते."

"काय आहे?"

"कुरडया होत्या. गच्चीवर तुमचं सोलर. त्याच्या सावलीत घातल्या, तर वाळायच्या सोडून नासल्या. लय चीक वाया गेला माझा. आता वाळवण घालू कुठं? तुमच्या डोक्यावर?"

सकाळपासून हॉर्न ऐकून माझं डोकं तसंही तापलंच होतं. "घाला रस्त्यावर!" मी वैतागून म्हणाले.

काकूंनी रस्त्याकडे एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली पाहिलं. "ऊन बी चांगलं हाय," म्हणाल्या आणि गेल्या.

शुक्रवारी पोचले तर गेटपासून शेवटच्या घरापर्यंत रस्ता पांढरा. जुन्या साड्या, त्यांवर कुरडया, सांडगे, बटाट्याचे वेफर्स, नागलीचे पापड. कावळे हाकलायला काठ्या घेऊन बायका बसलेल्या, काकू सगळ्यांत पुढे. काका दारात किल्ली घेऊन उभे.

"अगं, मला गाडी काढायचीय."

"विमानाच्या कारखान्यात होता ना? मग न्या की उडवत."

"निदान चालू तरी करून ठेवतो."

"धूर बसंल कुरडयांवर. हात नाय लावायचा."

प्रदूषणावरचं माझं अख्खं प्रेझेंटेशन काकूंनी एका वाक्यात उरकलं होतं.

संध्याकाळी वाळवण उचलल्याबरोबर काकांनी गाडी गेटजवळच्या प्लॉटवर नेऊन लावली. उद्या परत अडकायला नको म्हणून. त्यांच्या मागून बाकीच्यांनीही नेल्या.

शनिवारी सर पाहणीला आले. गाडी आत वळते न वळते तोच काका काठी उगारत धावले. "ओ साहेब! दिसत नाय का? मागं घ्या गाडी!"

सरांनी मुकाट्यानं गाडी प्लॉटवर लावली. "अगं, हे विरोधातले ना? कसं जमवलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"लोकसहभाग, सर," मी म्हणाले.

रविवारच्या मीटिंगमध्ये काका उठले. "माझा व्यक्तिशः याला विरोध आहे." मागून काकू खोकल्या. "पण पाठिंबा देतो," काका म्हणाले आणि बसले. ठराव पास झाला. मला इतका आनंद झाला की मी काकांचे हात धरून आभार मानले, आणि ते आणखीच चिडले.

ब्लॉक बसले. झाडं मात्र एकाच बाजूला लागली. दुसऱ्या बाजूला सावली चालणार नाही, ही काकूंची अट. मंजूर नकाशात त्या बाजूवर 'वाळवण पट्टा' असं चक्क लिहिलेलं आहे.

पावसाळ्यात पाणी नीट जिरतंय का ते बघायला गेले. मनात धाकधूक होती. वाळवण नाही म्हणजे गाड्या परत आत आल्या असणार. पण रस्ता रिकामा. फक्त जागोजागी विटा मांडून चौकोन आखलेले. काका भाजीची पिशवी घेऊन भिजत प्लॉटवरून चालत येत होते.

"काका, आता तर गाडी आत आणता येईल की."

त्यांनी विटांकडे बोट दाखवलं. "पुढच्या उन्हाळ्याची जागा धरलीय सगळ्यांनी. विटेला टायर लागला तर घरी ऐकून कोण घेणार? तुम्ही?"

तेव्हापासून नव्या कॉलनीत गेले की पार्किंगचा सर्व्हे मी दुसऱ्या दिवशी करते. पहिल्या दिवशी एवढंच विचारते, "कुरडया कुठं घालता?"