पणजोबा आधी मारून बघावा

त्या शनिवारी मेट्रननं ठिणगीचा पणजोबा मारला. तोही तिसऱ्या वर्षी, तापानं. म्हणजे लग्न, पोरंबाळं, नातवंडं, सगळं व्हायच्या आतच.

"गेला गं तुझा," मेट्रन चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली. "हे बघ, मृत्यूच्या वहीत आहे. पुलाच्या कंत्राटदाराचा मुलगा, वय तीन."

"दुसरा कुणी असेल."

"नाव तेच, बाप तोच, आई तीच, घर तेच. दुसरा कसला? उभा जन्म वॉर्डात काढलाय मी. मेलेलं माणूस ओळखता येतं मला."

"मग जिवंत पण ओळख की! मी बसलेय ना इथं तुझ्यासमोर? तो तीन वर्षांचा मेला, तर मी काय आभाळातून पडले?"

"ते मला काय विचारतेस? वहीला विचार."

ठिणगीनं खुर्ची अशी मागे ढकलली की रेकॉर्ड रूममधल्या सगळ्या माना वर झाल्या. मग ती पिशवी उचलून तरातरा निघून गेली. मेट्रननं शांतपणे पान उलटलं. जन्मभर पेशंटच्या नातेवाइकांच्या शिव्या खाल्लेली बाई ती, तिला ठिणगीची काय मातब्बरी.

ठिणगीला खरं नाव होतं, पण ते वीजबिलापुरतं. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये तिचं वर्कशॉप होतं. जाळ्या, जिने, फाटकं, गच्चीचे कठडे, लोखंडाचं म्हणाल ते. तरुणपणी वेल्डिंग शिकायला गेली तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, बाईचा हात थरथरतो. तिनं त्याच्यासमोर दोन पट्ट्यांना टाका मारला, हातोडा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "तोडून दाखव." त्याला तुटला नाही. तोंडही तिचं त्याच धाटणीचं. गल्लीतलं गटार तुंबलं की नगरपालिकेत पाठवायला लोक तिलाच शोधत यायचे आणि गटार वाहतं झालं की म्हणायचे, बाई चांगली आहे हो, पण जरा तोंडाळ. तोंड नसतं तर गटार काय नमस्कार करून वाहिलं असतं?

तर हा शनिवारचा प्रकार. जिल्हा कचेरीच्या तळमजल्यावरची रेकॉर्ड रूम शनिवारी सकाळी लोकांसाठी उघडते. जन्माच्या वह्या, मृत्यूच्या वह्या, लग्नाच्या, हजेरीच्या, आणि सगळ्यांवर सारखीच धूळ. तिथं आपापल्या वाडवडिलांच्या मागे लागलेली चार टाळकी जमायची. त्यांचे नियम दोन. पहिला, स्वतःचं माणूस स्वतः शोधायचं नाही, शेजाऱ्याला शोधायला द्यायचं आणि आपण त्याचं शोधायचं. आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला दिसत नाही, तसंच आहे ते. दुसरा नियम, सापडलेला पूर्वज आधी मारून बघायचा. जन्माच्या वहीत एखादं पोर मिळालं म्हणून हुरळून जायचं नाही, पुढच्या दहा-वीस वर्षांची मृत्यूची वही धुंडाळायची. त्यात मेला नाही, तर आपला असू शकतो. तेव्हा पोरं पटापट जायची. न मारता पूर्वज घरी नेणाऱ्याला तिथं कच्चं समजायचे.

ठिणगीनं दुसऱ्यांचे किती पूर्वज मारले असतील त्याला हिशेब नाही. पोस्टमनकाकांचा सरदार आजा तिनंच पाळण्यात मारला होता आणि वर म्हणाली होती, "काका, रडू नका, सरदाराची थकबाकी पण गेली."

पण तिच्या पणजोबाला कुणी मारून बघितलाच नव्हता. गरज काय? तो काकांनी, म्हणजे तिच्या थोरल्या चुलत्यांनी, कधीच शोधून ठेवला होता. नदीवरचा दगडी पूल ज्या कंत्राटदारानं बांधला, त्याचा तो मुलगा. पुलाच्या तोंडाशी कंत्राटदाराचा अर्धा पुतळा आहे, कबुतरांनी पांढराफेक केलेला. पणजोबाचा जन्म पुलाच्या कामावरचा हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्यावरून तर घराण्याला 'पूलवाले' नाव पडलं. काकांनी जन्माच्या वहीत तेच नाव, तेच साल पाहिलं, तिथंच वही मिटली आणि वंशावळीचा तक्ता काढला. भावकीनं तो उतरवून घेतला. कुणी स्थळांना दाखवला, कुणी काचेत घालून भिंतीवर टांगला. आता काका नाहीत, तक्ता आहे.

ठिणगीनंही तो टांगला होता, भिंतीवर नाही, मनात. एखादा साहेब खुर्चीतून न उठता "बाई, उद्या या" म्हणाला की ती मनातल्या मनात तो पूल उभा करायची, सगळ्या कमानींसकट, आणि त्याच्या टेबलावर हात टेकून विचारायची, "उद्या कशाला?" तो पूल मेट्रननं एका बोटानं पाडला होता.

आणि वेळ कुठली, तर नेमकी ही. जिल्हा कचेरीच्या नव्या सभागृहात जुन्या घराण्यांची एक भिंत व्हायची होती. प्रत्येक घराण्याची वंशावळ तिथं कायमची लागणार. पूलवाल्यांची लोखंडात करायची हे ठरवलं दादानं, काकांच्या मुलानं. त्याचं टाइल्सचं दुकान. "घरात वेल्डर असताना बाहेर कशाला जायचं?" तो म्हणाला होता. म्हणजे फुकटात. तरी ठिणगीनं जीव ओतला. सळ्या पिळून खोड केलं, पत्र्याची पानं कापली, पानापानावर एकेक नाव. आत्याचं, दादाचं, स्वतःचं. तक्त्यात बायकांना जागा नव्हती, ती तिनं केली. आता फक्त मुळाची प्लेट कोरी होती. तिच्यावर कंत्राटदाराचं नाव घातलं की झाड उभं.

पुढच्या शनिवारी ती आली ती कुणाकडे न बघता. मृत्यूची वही स्वतः काढली, ओळीवर बोट ठेवलं, दोनदा वाचलं. वय तीन. वही मिटून ती मेट्रनसमोर जाऊन बसली.

"मेला," ती म्हणाली.

"मी कधी म्हटलं जिवंत आहे?"

"मग माझा कुठला?"

"आता कसं बोललीस!" मेट्रननं हाक मारली. "पोस्टमनकाका, या. हिचा सरदार गेला, आता हिला माणूस शोधून द्या."

पोस्टमनकाकांनी आयुष्यभर अर्धवट पत्त्यांची पत्रं घरोघर पोचवलेली. त्यांनी एकच विचारलं, "पणजोबाचं लग्न याच गावात झालं का?"

"हो."

"मग लग्नाची वही कुणी बघितली?"

कुणीच नाही. जन्मातच हवा तो बाप मिळाल्यावर लग्नाला कोण जातंय! वही निघाली. काकांचं बोट सरकत सरकत थांबलं. नवरदेव, पूलवाला म्हणून ओळखला जाणारा, जन्म पुलाच्या कामावर. बाप दगडकामगार, मयत. आई हयात, दगड फोडते. पुढं आईचं नाव.

"मग कंत्राटदाराच्या पोराचं नाव याला कसं?" ठिणगीनं विचारलं.

"अगं," पोस्टमनकाका म्हणाले, "मालकाच्या घरी पोर झालं की कामावरची माणसं पण आपल्या पोरांना तेच नाव ठेवायची. थांब, हजेरीत असेल, पोरांची नावं पण लिहायचे त्यात." पुलाच्या कामाची हजेरी निघाली. त्या एका वर्षात त्या नावाची पाच पोरं होती. आणि खालच्या बाजूला, दगड फोडणाऱ्या बायकांत, तिचं नाव. समोर शेऱ्याच्या रकान्यात कुणा कारकुनाचं घाईचं अक्षर. मेट्रननं मोठ्यानं वाचलं:

"नवरा खाणीत मेला. तान्हं मूल आहे. झोपडी सोडत नाही. समज दिली. ऐकत नाही."

पोस्टमनकाकांनी वही ठिणगीकडे सरकवली. मग काका हळूच म्हणाले, "आता मारून बघायची गरज नाही. ही तुझीच."

त्याच संध्याकाळी दादाच्या दुकानात भावकीची बैठक बसली. मागच्या खोलीत सगळीकडे वॉशबेसिनं आणि कमोड मांडलेले, त्यांच्यामधून वाट काढून माणसं बसली. आत्याला, म्हणजे घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला, मध्ये खुर्ची. ठिणगीनं सगळं सांगितलं, वह्यांतल्या नोंदींच्या नकला दाखवल्या.

"माझ्या डोळ्यांदेखत माझा आजोबा मारलास गं तू," आत्या म्हणाली.

"मी नाही आत्या, मेट्रननं. आणि तो आपला नव्हताच. आपला जगला, म्हणून तू आहेस."

"सोहळ्याच्या पत्रिका छापून झाल्यात," दादा म्हणाला. "त्यात कंत्राटदाराचे वंशज असं आहे. आता हे कोण तपासणार आहे?"

"मी तपासलं ना."

"तू सोडून कोण?"

"मी पुरेशी नाही का?"

दादानं सूर बदलला. "बरं, असं नसेल कशावरून, की पोरगा त्याचाच, पण... बाहेरचा? हिच्यापासून?"

ठिणगी उठली. शेजारचं बेसिन हललं. "म्हणजे खापरपणजी दगड फोडणारी चालत नाही, पण मालकानं ठेवलेली चालते? नवरा दगडाखाली मेला तिचा, कागदावर आहे. पुन्हा बोललास तर जीभ हासडीन, दादा. थोरला आहेस म्हणून सांगून हासडीन."

"अगं, पण लोकांना काय सांगायचं? दगडफोडीचे वंशज?"

"पूल कशाचा आहे?"

"दगडाचा."

"मग?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. दादाचे कान लाल झाले. "हे बघ, शेवटचं सांगतो. प्लेटवर कंत्राटदाराचंच नाव घाल, पण बोल्टवर बसव. पुढंमागं कुणी विचारलं तर बदलू. नाहीतर मी दुसरीकडून करून घेतो, आणि झाडावरचं तुझं पान पण काढायला लावतो."

"काढ की. ग्रायंडर देऊ? चकती नवीन आहे."

"तुला समज देऊन देऊन आमचे बाप थकले!" दादा ओरडला. "एकाचं ऐकलंस कधी?"

ठिणगी दारात थबकली. वळून दादाकडे बघितलं आणि हसायला लागली. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दादाला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी शेड आतून बंद होती. गल्लीला फक्त रॉडचा चरचराट आणि फटींतून निळा उजेड. काळ्या काचेआड ठिणगीनं प्लेटवर एकेक अक्षर वितळलेल्या लोखंडानं उठवलं. वर चढलेली पापडी ठोकून काढली, ब्रश मारला, बोट फिरवून बघितलं. अक्षरं लागत होती. आंधळ्यालाही वाचता यावीत अशी.

इतके दिवस ती साहेबांच्या टेबलासमोर दुसऱ्याचा पूल उभा करत होती. तिच्या मालकीची होती ती त्या पुलाखालची एक झोपडी, आणि ती न सोडणारी बाई. तिला वाटलं होतं राग येईल. आला नाही. उलट वाटलं, हे तोंड आपल्याला रस्त्यावर सापडलेलं नाही तर, घरचंच आहे.

फुकटात करून देणारा दुसरा वेल्डर दादाला सापडला नव्हता. सोहळ्याच्या दिवशी तो नव्या कोटात पोचला तेव्हा झाड भिंतीवर होतं. ठिणगी पहाटेच टेम्पोतून घेऊन आली होती आणि सभागृहाच्या गवंड्याला हाताशी धरून चारी पाय सिमेंटात पक्के केले होते. मेट्रन आणि पोस्टमनकाका पहिल्या रांगेत बसले होते, स्वतःच्या घरचं कार्य असल्यासारखे.

दादानं मूळ वाचलं. खापरपणजीचं नाव. खाली, दगड फोडायची. त्याखाली, पुलाच्या कामावर. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत: समज दिली. ऐकत नाही.

"हे काय केलंस?" तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"कागदात होतं ते."

तेवढ्यात कचेरीचे मोठे साहेब भिंत बघत बघत तिथवर आले. पत्रिकेकडे बघितलं, प्लेटकडे बघितलं, पुन्हा पत्रिकेकडे. "कंत्राटदार कुठं आहेत यात? ही बाई कोण?"

दादानं आपली पत्रिका कोटाच्या खिशात कोंबली. ठिणगी बोलणार होती, पण आत्या आधी बोलली. त्या बैठकीपासून आत्यानं ठिणगीशी अबोला धरला होता.

"माझी पणजी," आत्या म्हणाली. "साहेब, कंत्राटदाराचा पुतळा आहे ना पुलावर? तो तिकडं बघा. इथं आमची माणसं आहेत." मग काठीनं तिनं शेवटची ओळ दाखवली, मान ठिणगीकडे वळवली आणि नाक मुरडलं. "आणि हे खरं असणार. हिच्याकडे बघून कळतंच आहे."

साहेबांना हसावं की नाही कळेना, ते पुढच्या घराण्याकडे सरकले. मेट्रननं पदरात तोंड खुपसलं.

टाळ्या वाजल्या, हार झाले, भाषणं सुरू झाली. ठिणगीनं बघितलं तर दादा झाडाला टेकून उभा होता, चेहरा भाषणाकडे, आणि हात हळूच मुळाच्या प्लेटमागे घालून काहीतरी चाचपत होता. ती त्याच्या कानाशी गेली.

"काय शोधतोयस, दादा?"

"बोल्ट," तो पुटपुटला.

"नाहीत. चारी बाजूंनी टाका मारलाय. तोडून दाखव."