चर्चच्या पायरीवरचे बूट

अमेरिकेत, मुलाच्या फ्रिस्कोतल्या घरी शू रॅक उघडला की बायकोच्या बुटांचा रबरी वास येतो आणि मला प्रागचं ते मोठं चर्च आठवतं. मुलगा मोबाइलमध्ये बघून आम्हाला पळवत होता, हे झालं की ते. चर्चच्या दारात हिने साडीखालचे पांढरे बूट काढले. मुलगा म्हणाला, "आई, इथे नाही काढत, लोक बघतायत." ही म्हणाली, "आत देव आहे ना? मग बघू देत." आणि गेली गार फरशीवर अनवाणी. बूट कोणी उचलून नेईल म्हणून मी ते घेऊन पायरीवर बसलो. बोचरा वारा, वरून घंटा, माणसांचे लोंढे, आणि ही काही येईना. उठायचो, आत डोकवायचो, परत बसायचो. आली ती हसतच. "रंगीत काचांतून ऊन पडलंय हो, माझे पाय लाल-निळे झाले. जा, बघून या, आता मी बसते." मुलगा म्हणाला, "बाबा, टाइम नाही, क्लॉक टॉवर राहिलाय." माझं आत जाणं राहिलंच. ही जाऊन आता वर्ष होईल. काल सून म्हणाली, "बाबा, आईंचे बूट डोनेट करू या का?" मी उठलो, रॅकपाशी जाऊन बसलो. म्हटलं, असू देत, मी बसलोय ना राखायला.