काचेतला कांद्याचा गोंडा

थेरगावात डांगे चौकाच्या आतल्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर, दात बनवण्याची एक लॅब आहे. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात, लॅब दात करून देते. तनुजा गिराम तिथे चौदा वर्षं काम करत होती. माहेर परभणीकडचं, सेलू तालुक्यातलं. नवरा ओम चाकणला फोर्जिंगच्या कंपनीत शिफ्टला. लग्नानंतर तीन महिन्यांत ती या लॅबमध्ये साफसफाईला म्हणून लागली आणि वर्षभरात कारागिराच्या टेबलावर जाऊन बसली. तिचा हातच तसा होता.

चिनीमातीची पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशने थरावर थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, मग मायक्रोमोटरच्या फिरत्या सुईने घासून घासून आकार आणायचा. तनुजाच्या हातचा दात ओळखू यायचा नाही, हीच त्याची ओळख होती. चहाने पिवळसर पडलेली कड असो, सुपारीने झिजलेलं टोक असो, ती जसंच्या तसं उतरवायची.

मग लॅबमध्ये मशीन आलं. पांढरी चकती आत घालायची, कॉम्प्युटरवर बटण दाबायचं, की चकतीतून दात कोरून बाहेर. मालक बुद्धरत्न सर भला माणूस. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "तनुजा, तुला मी घालवत नाहीये हं. पॉलिशचं काम आहेच की."

"आहे ना सर," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून ती दुसऱ्याने केलेल्या दातांवर फक्त चकाकी चढवू लागली. घरी आली की भाकरी थापतानासुद्धा गप्प असायची. ओमने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

अशातच एके दिवशी दत्तोबा लोळगे लॅबचा जिना चढून आले. चाकणच्या पेठेतले जुने सोनार, वय बहात्तर. रुग्ण सहसा लॅबमध्ये येत नाहीत, पण दत्तोबांचं म्हणणं असं की तोंडात काय जाणार ते आधी आपण बघणार. त्यांचा पुढचा दात पडला होता. मशीनने केलेला दात त्यांनी परत आणला होता.

"हा सरळ आहे," ते म्हणाले. "माझा वाकडा होता. शेजारच्यावर जरा चढलेला. पन्नास वर्षं बायकोनं तोच बघितलाय. आता ती मला ओळखायची नाही."

सर हसले आणि त्यांनी तो दात तनुजाकडे दिला. दत्तोबांनी खिशातून लग्नातला फोटो काढला. चार दिवसांनी तनुजाने केलेला दात त्यांनी हातात घेतला, खिशातलं सोनाराचं भिंग डोळ्याला लावलं आणि तो चारी बाजूंनी फिरवून बघितला.

"कुणी केला हा?"

"मी."

"काच कोरशील?"

तनुजाला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलंय. पण नाही. पुढच्या रविवारी ती आणि ओम त्यांच्या दुकानात गेले तेव्हा त्यांनी कपाटातून फडक्यात बांधलेले काचेचे दोन तुकडे काढले. जाड, किंचित हिरवट, पाण्यासारखी नितळ काच. तळेगावला काचेच्या कारखान्यात कामाला असलेल्या मेव्हण्याने कधीकाळी आणून दिलेली. काचेच्या पाठीमागून फूल खोल कोरायचं, म्हणजे पुढून बघणाऱ्याला ते पाण्यात तरंगल्यासारखं दिसतं. ती काच चांदीत बसवून गळ्यातलं पदक करायचं, त्यात सोनं, खडे. दत्तोबांनी तरुणपणी हा नाद केला होता. पण त्यांच्या हत्यारांनी काच तडकायची. पुढे संसार, गिऱ्हाइकांच्या बांगड्या-मंगळसूत्रं यांत ते राहून गेलं. आता हात थरथरायला लागला होता आणि गिऱ्हाईकही मोठ्या शोरूमकडे वळलं होतं.

"पाठीमागून म्हणजे सगळं उलटं कोरावं लागतं," ते म्हणाले. "जे वर दिसायला हवं ते सगळ्यात खोल. तिथंच माझं डोकं चालायचं नाही."

"दाताच्या मापात असंच असतं काका," तनुजा पटकन म्हणाली. "तिथं सगळं उलटंच. खड्डा म्हणजे दाताचं टोक. मी चौदा वर्षं उलटंच बघतेय."

ओमने त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या तोंडावर जुना उजेड पाहिला. येताना गाडीवर तो एवढंच म्हणाला, "रविवारी मी मटण करत जाईन. तू जात जा."

बुद्धरत्न सरांनी लॅबचा जुना मायक्रोमोटर देऊन टाकला. हिऱ्याची पूड लावलेल्या सुया तिच्याकडे होत्याच. काचेवर सतत पाण्याचा थेंब पडत राहिला पाहिजे, नाहीतर ती तापते आणि तडा जातो, हे ती बाटल्यांच्या तुकड्यांवर शिकली. त्याच तुकड्यांवर सहा महिन्यांत जाई झाली, तगर झाली. तिसरं फूल दत्तोबांनी चांदीत बसवून दुकानाच्या काचेत ठेवलं. लोक बघायचे, छान म्हणायचे आणि पुढे जायचे.

थांबल्या त्या फक्त मंजुळाबाई. चाकणजवळच्या गावातल्या, पासष्टीच्या, बाजारात कांदा विकून हिशेबाची पट्टी घेऊन निघालेल्या. त्यांनी काचेला नाक लावून ते फूल बघितलं आणि आत येऊन बसल्या.

"ह्ये कुणाच्या हातचं हाय?"

दत्तोबांनी कोपऱ्यात कोरत बसलेल्या तनुजाकडे बोट केलं.

"माझी नात हाय, सायली. विंजनेर हाय कंपनीत. तिचं लगीन हाय वैशाखात. तिला कांद्याचा गोंडा करून देशील?"

दत्तोबांना हसू आवरेना. "मंजुळाबाई, लोक कमळ मागतात, मोर मागतात."

"मागू द्या. आमच्या घरात कांद्याचं बी कधी इकत आणलं न्हाई. माझ्या सासूनं धरलं, मी धरलं. बियाच्या रानाचा तुकडा व्हता, त्यावर आता कंपनीची शेड हाय. तरी बांधाकडंला चार वाफं धरतीय मी. माझ्यामागं कुणी धरंल न धरंल. पोरीच्या गळ्यात तरी ऱ्हाऊ द्या." कनवटीची पुरचुंडी सोडून त्यांनी आपली जुनी नथ पुढे ठेवली. तार सोन्याची, मोती गेलेले, एक हिरवा खडा तेवढा शाबूत. "ह्याच्यातलं घाला."

तनुजाने कांद्याचं फूल नीट बघितलंच नव्हतं. शिवरात्रीच्या सुमाराला ती मंजुळाबाईंच्या बांधावर गेली. एका बाजूला कंपनीची भिंत, पलीकडे ट्रकचे हॉर्न आणि अलीकडे कमरेएवढ्या पोकळ दांड्यांवर पांढरे गोल गोंडे, मधमाश्यांनी गजबजलेले. एका गोंड्यात शेकडो चिमुकली फुलं, प्रत्येकाला सहा पाकळ्या. ती उकिडवी बसली ती दोन तास उठली नाही. मंजुळाबाई भाकरी घेऊन आल्या तेव्हा ती न उमललेल्या एका गोंड्याकडे बघत होती. कागदासारखा पातळ पापुद्रा फाटत होता आणि आतून फुलं डोकावत होती.

मेव्हण्याच्या काचेतल्या मोठ्या तुकड्यावर दोन महिने दर रविवारी ती कोरत होती. सुईच्या टोकाएवढी फुलं, एकशे चाळीस. प्रत्येकाच्या मधोमध दत्तोबांनी नथीच्या सोन्याचा कण बसवला. दांडा सोन्याच्या तारेचा, तळाशी तो हिरवा खडा. लग्नाला बारा दिवस राहिले तेव्हा काच चांदीच्या कोंदणात बसवायची वेळ आली. हे काम दत्तोबांचं. चांदीची पातळ पाळ, म्हणजे भोवतीची कड, पोलादी सळईने हळूहळू काचेवर दाबत न्यायची.

शेवटच्या कोपऱ्यावर त्यांचा हात थरथरला. सळई निसटली. टिक्‌ असा आवाज झाला आणि गोंड्याच्या मधोमध तडा गेला.

दत्तोबांनी सळई खाली ठेवली. दोन्ही हात मांडीवर पालथे टाकले आणि त्या हातांकडे बघत राहिले. "बंद करू हे," ते म्हणाले. "मंजुळाबाईंना मी सांगतो. तुझी मेहनत मी मातीत घातली, पोरी."

तनुजाला रडू आलं, पण तिला त्यांचे हात बघवेनात. ती उठली, कपाटातून काचेचा दुसरा तुकडा काढला. तो पहिल्याच्या निम्मा होता. पूर्ण गोंडा त्यात मावणार नव्हता.

"काका, यात अर्धा उमललेला बसेल. पापुद्रा फाटताना. फुलंही कमी लागतील."

"आणि बसवणार कोण? हे हात?"

"तुम्ही सांगा, मी बसवते."

तिने लॅबमधून आठ दिवसांची रजा काढली. सातव्या दिवशी कोरणं पुरं झालं, फुटलेल्या काचेतलं सोनं आणि हिरवा खडाही तिने नव्या काचेत बसवला. मग दत्तोबांनी तिला आपल्या बैठकीवर बसवलं, स्वतः समोर पाटावर बसले आणि डोळे मिटून बोलत राहिले. "समोरासमोर दाब. आधी पूर्व, मग पश्चिम. एका बाजूनं रेटू नको. चांदीला घाई नसते." आधी तिने चार साध्या काचा बसवल्या. दोन फुटल्या, दोन बसल्या. पाचवी सायलीची. पाळ पूर्ण फिरली तेव्हा तिची मान इतकी आखडली होती की वर बघता येईना. दत्तोबांनी डोळे उघडून भिंग लावलं. "माझ्यापेक्षा गुळगुळीत आहे," ते म्हणाले आणि आत बायकोला चहा टाकायला ओरडले.

मंजुळाबाईंना फुटल्याचं सगळं सांगितलं. त्यांनी पदक तळहातावर घेतलं, उजेडात धरलं. पारदर्शक काचेत फाटता पापुद्रा आणि आत दाटीवाटीने पांढरी फुलं, सोन्याचे ठिपके.

"असाच फुटतोय त्यो," त्या हळूच म्हणाल्या. "मी नुसता गोंडा सांगितला, माझंच चुकलं. वाफ्यात गेलं की पहिल्यांदी ह्योच शोधतीय मी."

लग्नात सायलीच्या सासरच्या एका बाईने विचारलं, हे कसलं फूल? सायली म्हणाली, "कांद्याचं." बाई हसल्या. मग जवळ आल्या आणि हसायचं थांबून बघत राहिल्या. जेवणाच्या पंगती उठायच्या आत सायलीने तीन जणींना चाकणच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला होता.

त्याला आता दोन वर्षं होत आली. तनुजा लॅबमध्ये अर्धा दिवस जाते, वाकडेतिकडे, मशीनला न जमणारे दात तिच्याकडे येतात. दुपारी ती दत्तोबांच्या दुकानात असते. शेवग्याची फुलं झाली, करडईचं बोंड झालं. सोन्याला डाक द्यायला, तापवून जोड लावायला, ती अजून घाबरते, दत्तोबा रागावतात. मागच्या आठवड्यात भोसरीहून एक बाई आल्या, मूळच्या जालन्याच्या. त्यांना जोंधळ्याचं कणीस हवंय, हुरड्याला आलेलं.

"ते कोरायला बघावं लागेल," तनुजा म्हणाली. "माझ्या आईच्या रानात आहे."

दत्तोबांनी सोनारकीच्या पंचावन्न वर्षांत कणीस बघायला म्हणून कुठे प्रवास केला नव्हता. शनिवारी सकाळी ते स्वच्छ धोतर नेसून, भिंग खिशात घालून, तनुजा आणि ओमच्या आधी एसटी स्टँडवर येऊन बसले होते.