दारावरची थाप आणि शांतवनमामा

मामींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी नाताळच्या अनारशांसाठी तांदूळ भिजत घालत होते. "तुहे मामा गेले वं..." एवढंच त्या म्हणाल्या. मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?"

शांतवनमामा, माझ्या आईचे भाऊ, अकोल्याला राहायचे. आमचा नाताळ त्यांच्याकडेच. सकाळची उपासना, दुपारचं मटण आणि दिवेलागणीला टेपरेकॉर्डर. फार वर्षांपूर्वी रेडिओवर एक नभोनाट्य मालिका लागायची. मामांनी रेडिओसमोर टेप ठेवून ती उतरवून घेतली होती, त्यामुळे नाटकात आमचं घरही शिरलं होतं. नाटकातली आई हुंदका देते तिथे मामींच्या कुकरची शिट्टी होते आणि पाठोपाठ तरुण मामा ओरडतात, "गप बसा ना पोट्टेहो!" ते वाक्य दरवर्षी आम्ही सगळे टेपबरोबर एका सुरात म्हणायचो. मामा खोटं खोटं रागवायचे.

गोष्ट साधी. धाकटा मुलगा भांडून घर सोडतो, आई त्याची वाट पाहते. शेवटी दारावर थाप पडते... आणि पुढे नुसती खरखर. "ऐन टायमावर लाइन गेली ना," मामा सांगायचे. मग शेवट ते स्वतःच रचायचे, दरवर्षी नवा. कधी मुलगा दाढी वाढवून यायचा, कधी त्याचा निरोप घेऊन मित्र. एकदा तर शेजारीण विरजण मागायला आली! खरं काय ते सांगा म्हणून आम्ही भांडायचो. पण दारात कुणी ना कुणी यायचंच. शेवट सांगून झाला की मामा उठून पुढच्या दाराला कडी लावायचे. तोवर दार नुसतं लोटलेलं. डिसेंबरची थंडी आत यायची. कुणी कडी लावू म्हटलं तर म्हणायचे, "थांब, गोष्ट व्हायची हाय."

दफनाहून परतल्यावर मी मामींना विचारलं, "त्या नाटकाचा खरा शेवट काय असन?"

"लाइन गेलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "म्या आयकला ना शेवट. दारात कोनीच नसते. वारा असते. यायनं दुसऱ्या दिवशी तेवढाच पुसून टाकला."

"काहून?"

"मले काय मालूम, बाई. त्याच साली प्रकाश गेला होता घरातून."

प्रकाश, मामांचा धाकटा भाऊ. मला जेमतेम आठवतो. त्याचा पुढे ठावठिकाणा लागला नाही, आणि घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. मामींचं ते ऐकल्यापासून माझं डोकंच चालेनासं झालंय. इतकी वर्षं मामा आम्हाला रमवत होते की स्वतःला? आम्ही हसत होतो तेव्हा त्यांचे कान दाराकडे होते का? मला त्यांचा रागही येतो. एका शब्दानं सांगितलं असतं तर... तर आम्ही काय केलं असतं, तेही कळत नाही.

यंदा टेप लावायची की नाही, कुणालाच ठरवता येईना. शेवटी मामींनीच लावली. "गप बसा ना पोट्टेहो!" मामांचा आवाज आला आणि पहिल्यांदाच सगळे खरोखर गप्प बसले. मग थाप पडली, खरखर सुरू झाली. माझ्या नव्या सुनेचा हा आमच्याकडचा पहिलाच नाताळ. तिनं विचारलं, "मग कोण आलं?" मी मामींकडे पाहिलं. खरा शेवट कानांनी ऐकलेल्या आता त्या एकट्याच.

"धाकटा आला," मामी म्हणाल्या. "उशीर झाला त्याले... पन आला."

मग त्या कडी लावायला उठल्या. दाराशी गेल्या, जरा उभ्या राहिल्या, आणि दार तसंच लोटलेलं ठेवून परत आल्या.